पावसाळ्यातले पापड

टक्क!

दुपारी अडीचला कपाटावरून आवाज आला. पाल पडली असेल म्हणून दुर्लक्ष केलं. संध्याकाळी मी घरी बनवलेलं युकुलेले (चार तारांची छोटी गिटारच) खाली काढलं, तर समोरच्या फळीवर ब्रिजपासून, म्हणजे तारा अडकवायच्या तुकड्यापासून, खालच्या कडेपर्यंत उभी चीर. इतकी बारीक की केस चिकटलाय असं वाटावं. दोनदा पुसून पाहिली.

कित्येक रविवार गेले होते यात. नागपुरातल्या लकडगंजच्या लाकूडबाजारातून आणलेलं सागवान, घासून घासून दोन मिलीमीटरवर आणलेलं. (खांदा दुखला तो वेगळाच.)

आई बघायला आली. चिरेवरून नख फिरवलं.

"हे चिकटवलं कधी होतं?"

"ऑगस्टमध्ये."

"पावसाळ्यात पापड घालते का कोणी?"

झालं. इतके व्हिडिओ पाहून जे डोक्यात शिरलं नाही, ते एका वाक्यात. ओल्या हवेत लाकूड आडवं फुगतं आणि आपल्या मे महिन्यातल्या ४५ अंशांत आकसतं. फळीला आतून चिकटवलेली आधाराची आडवी पट्टी मात्र लांबीत जवळजवळ हलत नाही, फळीला आकसू देत नाही. मग फळी फाटणारच. चिकटवताना आर्द्रता ४५-५० टक्के असावी, हे वाचलंही होतं मी. पण नवीन खेळणं हातात असताना थांबतो कोण?

आता ओलाव्यात ठेवून चीर मिटू द्यायची, मग आतून लाकडाच्या टिकल्या चिकटवायच्या. तोवर युकुलेले कूलरच्या खोलीत, मी हॉलमध्ये पंख्याखाली.

दुसरं जुलैत चिकटवायचा बेत होता, हे आईला अजून सांगितलेलं नाही.