एवढुसा तर आहे!

आज पहिल्या वाढदिवसाची चौकशी आली. पाहुण्यांना रिटर्न गिफ्ट म्हणून दोन मजली छोटे केक, 150 नग, तेही एगलेस. ताई पहिल्या दमातच म्हणाल्या, "एवढुसा तर आहे, शिवाय मोठी ऑर्डर. निम्म्यात द्याल ना?"

मैदा-लोणी-साखरेचा हिशेब किलोवर होतो, मान्य. पण 4 इंची केकवर 2 इंची चढवायचा म्हणजे दोनदा क्रीम, दोनदा फाँडंट (वरून चढवायचं साखरेचं लाटलेलं आवरण), आत स्ट्रॉचा आधार, खाली बोर्ड आणि उंच खोका. अर्ध्या किलोच्या साध्या केकपेक्षा वेळ याला जास्त लागतो. घाऊकात सामान स्वस्त पडतं, हात नाही पडत. शंभराव्या केकच्या कडा काही आपोआप गुळगुळीत होत नाहीत! उलट एवढे ठेवायला फ्रिज कुणाचा? त्यात ही जुलैची हवा. बाहेर काढला की फाँडंटला घाम.

सामानावर सूट दिली, मजुरीवर नाही. वर सुचवलं, घरच्या 20 जणांना दोन मजली करू, बाकीच्यांना कपकेक.

"ह्यांना विचारून सांगते," म्हणाल्या. अॅडव्हान्स आल्याशिवाय मी खोकेसुद्धा मागवणार नाहीये.