दहा फेऱ्यांत अर्धा फेरा

हिमाचलातल्या स्पितीत आमची गाडी अडली ती ग्रांफू ते बातलच्या दगडगोट्यांत नव्हे, तर लोसारच्या पुढे, छान गुळगुळीत डांबरावर.

सप्टेंबर २०२२. माझी जुनी थार, सोबत मामा. मामांची सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपात गेली, त्यामुळे गाडीतून जरा कुठे आवाज आला की गप्पा थांबवून कान टवकारायचे. मंडीत मागचा एक टायर बाजूने फाटला तेव्हा मात्र ते लॉजवर झोपले होते. दुकानात आमच्या मापाचा, म्हणजे २३५/७० आर १६, टायर नव्हता. "२४५/७५ घ्या, रिम तीच, मागचे दोन्ही सारखे टाकतो," दुकानदार म्हणाला. गाडी मागून थोडी उंच दिसायला लागली. खरं सांगायचं तर मला ती ऐटबाज वाटली.

अटल बोगदा संपल्यावर कोकसर, मग ग्रांफूचा फाटा. तिथून रस्ता म्हणजे चंद्रा नदीच्या काठची खडी. छत्रूच्या अलीकडेच फोर हाय, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारा गिअर, टाकला आणि नाले, चिखल, वाटेत लोळणारे धोंडे सगळं बिनतक्रार पार झालं. बातलला राजमा-भात खाल्ला. कुंझुमच्या चढालाही गिअर तसाच. साडेचार हजार मीटरवर कुंझुम देवीचं देऊळ आहे, तिथे ड्रायव्हर लोक गाडीसकट प्रदक्षिणा घालतात. आम्हीही घातली. तेव्हा गाडी अडखळत, उड्या मारल्यासारखी वळली. मी म्हटलं, हवा विरळ आहे, इंजिन दमलं असेल. मामा काही बोलले नाहीत.

लोसारच्या चेकपोस्टवर नावं लिहिली आणि पुढे डांबर लागलं. पाच-सात किलोमीटरमध्येच स्टिअरिंग जड झालं. वळणावर कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखं वाटायचं आणि गरम ऑइलचा वास येत होता. टू व्हीलमध्ये, म्हणजे फक्त मागच्या चाकांवर, टाकायला गेलो तर लिव्हर जागचा हलेना. दोन्ही हातांनी ओढला, तरी नाही.

"ओढू नकोस, मोडशील," मामा म्हणाले. "डाव्या बाजूची चाकं खडीत घे. स्टिअरिंग सरळ ठेव आणि सावकाश रिव्हर्स ये."

वीसेक फूट मागे आलो. खालून धाड् असा आवाज झाला आणि लिव्हर लोण्यातून काढावा तसा सुटला.

मामा उतरून टायरांवरचे आकडे वाचत गाडीभोवती फिरले. पुढे २३५/७०, मागे २४५/७५. त्यांनी टूलकिटमधला खडू काढला, उजवीकडच्या दोन्ही चाकांवर जमिनीपाशी खूण केली आणि म्हणाले, "आता टू व्हीलमध्ये हळू पुढे घे." स्वतः शेजारून चालत मागच्या चाकाचे फेरे मोजत राहिले. दहा झाले तशी गाडी थांबवली. मागची खूण जमिनीला टेकली होती, पुढची पार वर. पुढचं चाक साडेदहा वेळा फिरलं होतं.

पुढच्या चाकाचा घेर साधारण २३१ सेंटीमीटर, मागच्याचा २४३. म्हणजे किलोमीटरला पुढच्या चाकाला बावीसेक फेरे जास्त मारावे लागतात. टू व्हीलमध्ये मारू दे की, कोण अडवतंय? पण या गाडीत फोर व्हील टाकलं की पुढचा-मागचा शाफ्ट ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या गिअरपेटीत, एकमेकांना बांधले जातात; मध्ये डिफरेन्शियल, म्हणजे दोघांना वेगवेगळे फेरे मारू देणारी गिअरची जोडणी, नाही. फेरे सारखेच मारावे लागतात, मग कुठलं तरी चाक घसटलंच पाहिजे. खडीवर ते गुपचूप घसटतं. डांबर घसटू देत नाही, आणि सगळा पीळ शाफ्टात, गिअरांत भरत जातो.

"एसटीला मागे जोडीचे टायर असतात," मामा म्हणाले. "जोडीत एक नवा, एक झिजलेला बसवला की मोठ्यावर सगळा भार येतो आणि तो तापतो. आम्ही माप घेतल्याशिवाय जोडी लावत नव्हतो. मला उठवायचं होतंस."

"तुम्ही घोरत होतात, मामा."

"मग? घोरणाऱ्याला उठवत नाहीत?"

पुढे काझा गावात मेकॅनिकने बॉनेटला हातही लावला नाही. दारातूनच टायरांकडे बघून हसला. ट्रान्सफर केसचं ऑइल काढलं तर ते काळं आणि करपट निघालं. नवीन भरून दिलं. ते माप तिथेही मिळालं नाही. फोर व्हील आता अगदीच रुतलात तर, असं त्याने बजावलं.

परतताना पुन्हा कुंझुम चढून चंद्रताल तळ्यापाशी मुक्काम करायचा ठरला होता. त्याऐवजी टू व्हीलमध्येच ताबो, नाकोवरून किन्नौरला उतरलो. मी फुरंगटून बसलो होतो. मामा खिडकीतून सतलज बघत म्हणाले, "तळं कुठं पळून जातंय?"