तीन पॉडकास्ट का, एक का नाही?

तुम्ही विचारलेत म्हणून लिहिते आहे. खेळांवरच्या गप्पा, ईमेल मार्केटिंग आणि संगीताच्या इतिहासातल्या भानगडी असे तीन पॉडकास्ट एकच बाई का चालवते, हा प्रश्न मला इतक्या सुरांत विचारला गेला आहे की पहिल्या दोन शब्दांवरूनच विचारणारा कोणत्या कार्यक्रमाचा श्रोता आहे हे मी ओळखते. संगीताचे श्रोते ईमेलचे नाव घेताना नाक मुरडतात. मार्केटिंगवाले काळजीने विचारतात, कारण एक विषय धरावा आणि तोच लावून धरावा हा त्यांचा पहिला धडा असतो आणि मी तो उघड उघड धुडकावते आहे असे त्यांना वाटते. खेळवाल्यांना बाकीचे दोन कार्यक्रम आहेत हेच ठाऊक नसते, कळले की ते एवढेच म्हणतात, "मग सामने बघता कधी?"

काही वर्षांपूर्वी मी याचे एक सफाईदार उत्तर तयार ठेवले होते. तिन्ही कार्यक्रम मुळात एकच आहेत, असे मी सांगत असे. माणसे समोरची गोष्ट ऐकत नाहीत, तिच्यावर लावलेले नाव ऐकतात, आणि निर्णय मात्र आपल्या कानांनीच दिला असे समजतात. हे मैदानात घडते, इनबॉक्समध्ये घडते आणि मैफिलीतही घडते. ऐकणाऱ्याला हे पटायचे, मलाही पटायचे. आज त्या उत्तराचा मला राग येतो, कारण त्यात पैशाचा शब्दही नव्हता. ईमेलचा कार्यक्रम मी चरितार्थासाठी सुरू केला. त्याचे श्रोते तिन्हींत सर्वांत कमी आहेत, पण त्यांतला प्रत्येक जण उद्या एखाद्या कंपनीसाठी ईमेल पाठवण्याचे सॉफ्टवेअर विकत घेणारा असू शकतो, आणि म्हणून जाहिरातदार त्या मूठभर कानांसाठी जे मोजतात ते संगीताच्या कार्यक्रमाला कधीच मिळणार नाही. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्या रेडिओवरच्या निवेदकांना पैसे देऊन गाणी वाजवून घेत. त्या प्रकरणात ॲलन फ्रीड या गाजलेल्या निवेदकाची कारकीर्द बसली आणि १९६२ साली गुन्हा कबूल केल्यावर त्याला दंड झाला तो अवघा ३०० डॉलरचा. संगीताच्या कार्यक्रमात या प्रकरणावरचा भाग ध्वनिमुद्रित करताना मी मध्येच थांबून एका सॉफ्टवेअरची जाहिरात माझ्याच आवाजात वाचली. ही जाहिरात आहे असे मी आधी सांगितले, फ्रीड आणि त्याच्यासारखे निवेदक सांगत नसत, आणि हा फरक मोठा आहे असे मी मानते. तो नेमका किती मोठा आहे यावर मात्र माझे मत अधूनमधून बदलते.

तरीही ते जुने उत्तर टाकून देववत नाही, आणि त्याला कारण आहे जॉइस हॅटो. ही इंग्लंडमधली पियानोवादक. १९७०च्या दशकातच तिने जाहीर कार्यक्रम थांबवले होते, ती कर्करोगाने आजारी होती, आणि अखेरच्या वर्षांत तिच्या नावावर शंभराहून अधिक सीडी निघाल्या, त्याही तिच्या नवऱ्याच्या छोट्याशा कंपनीकडून. समीक्षक अक्षरशः भारावले. २००६ साली ती वारली. २००७च्या फेब्रुवारीत तिची फ्रान्झ लिस्ट या संगीतकाराच्या रचनांची एक सीडी संगणकात घातली गेली, तेव्हा सॉफ्टवेअरने तुकड्यांच्या लांबीवरून वादकाचे नाव दाखवले ते लास्लो सायमन या दुसऱ्याच पियानोवादकाचे. पुढे तज्ज्ञांनी ध्वनिलहरी एकमेकींवर ठेवून पाहिल्या आणि एकामागून एक सीडी दुसऱ्याच कुणाच्या निघाल्या. नवऱ्याने नंतर कबुली दिली. तेच वादन आधी मूळ नावाने विकत मिळत होते, तेव्हा त्याचा असा गाजावाजा झाला नव्हता. या प्रकरणावरचा भाग मी ज्या आठवड्यात केला त्याच आठवड्यात ईमेलच्या कार्यक्रमात पाठवणाऱ्याच्या नावाबद्दल बोलत होते: मजकूर तोच, सब्जेक्ट लाइन तीच, कंपनीच्या जागी एखाद्या माणसाचे नाव घातले की ईमेल उघडणाऱ्यांचे प्रमाण हलते.

निदान २०२१ पर्यंत तसे खात्रीने म्हणता येत होते. ईमेल उघडले गेले हे कळते ते त्यात दडवलेल्या एका अदृश्य ठिपक्यामुळे. ईमेल उघडताच तो ठिपका पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवरून मागवला जातो आणि तिकडे नोंद होते. त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये ॲपलने आपल्या मेल ॲपमध्ये अशी सोय आणली की ती चालू असलेल्यांसाठी असे सगळे ठिपके आधीच, कुणी ईमेल वाचो न वाचो, मागवले जाऊ लागले. लक्षावधी न वाचलेली ईमेल एका रात्रीत वाचलेली ठरली. ओपन रेट, म्हणजे ईमेल उघडणाऱ्यांचे प्रमाण, वाढला म्हणून पेढे वाटणाऱ्यांना मी तेव्हा भागच्या भाग खर्चून समजावले की वाचक बदललेला नाही, मोजणी बदलली आहे. हे इथे लिहिण्याचे कारण असे की दोन वर्षांनी हेच वाक्य मला स्वतःच्या बचावासाठी उच्चारावे लागले आणि तेव्हा त्याचा काहीही उपयोग झाला नाही.

खेळांचा कार्यक्रम मी एकटीने सुरू केलेला नव्हता. एक जुना मित्र माझा सहनिवेदक होता. हरलेल्या संघाबद्दल कसे बोलावे हे त्याला उपजत कळत असे. तो चिडायचा तेव्हा श्रोत्याला आपलाच राग कुणीतरी नीट मांडतो आहे असे वाटायचे. तो म्हणायचा, खेळाडू फॉर्मात आहे हे डोळ्यांना दिसते. मी म्हणायचे, मोजून दाखव. आमचे भांडण हेच कार्यक्रमाचे भांडवल होते. २०२३च्या शरद ऋतूत आम्ही या भांडणाच्या मुळाशी जायचे ठरवले. गिलोविच, व्हलोन आणि ट्व्हर्स्की या तिघा संशोधकांनी १९८५ साली बास्केटबॉलच्या नोंदी तपासून सांगितले होते की सलग काही बास्केट साधलेल्या खेळाडूची पुढची फेक यशस्वी होण्याची शक्यता वाढत नाही. खेळाडू फॉर्मात आहे असे आपल्याला नुसते वाटते. पुढची तीसेक वर्षे हा मानवी भ्रमाचा नमुना म्हणून शिकवला गेला. मग मिलर आणि सानहुर्हो या अर्थशास्त्रज्ञांनी, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात, मोजण्याच्या रीतीतच खोट दाखवली. नाणे तीनदा उडवा. आठ शक्यता लिहा. पहिल्या दोन फेकींत छापा आलाच नाही अशा दोन शक्यता गाळा. उरलेल्या सहांपैकी प्रत्येकीत छाप्याच्या लगेच पुढे पुन्हा छापा येण्याचे प्रमाण काढा आणि त्या सहांची सरासरी घ्या. ती निम्मी यायला हवी असे वाटते. येते साधारण ४२ टक्के. म्हणजे निम्मे प्रमाण दिसले तर "काही विशेष नाही" म्हणणे चूक, तिथे काहीतरी विशेष असू शकते. थोडक्यात, माझा मित्र बरोबर असण्याची शक्यता तीसेक वर्षे गणिताच्याच एका खाचेत दडून बसली होती. मी हे सगळे कागदावर मांडत मायक्रोफोनसमोर वाचले. तो जिंकत होता आणि तरी कंटाळला होता, हे त्याच्या "बरं" या शब्दात ऐकू येते.

त्यानंतर काही आठवड्यांनी, आमचा कार्यक्रम ज्या कंपनीमार्फत वितरित होत असे तिने आम्हाला बोलावले. पडद्यावर डाउनलोडचा आलेख होता, रेघ उताराला लागलेली होती, आणि उतार जिथे सुरू होतो तिथे एक लाल बाण काढून त्याच्याखाली आमच्या त्या भागाचे शीर्षक लिहिलेले होते. "लोकांना गणिताचा तास नको आहे," असे तिथल्या अधिकाऱ्याने अगदी सौम्यपणे सांगितले. कार्यक्रम रोजचा करायचा, भाग छोटे करायचे, भांडण वाढवायचे आणि संगीताचा तो दुसरा नाद मी सोडायचा, कारण त्यामुळे माझी ओळख पातळ होते, असा प्रस्ताव होता.

मी सांगितले की उतार आमच्या भागामुळे नाही, फोनमुळे आहे. सप्टेंबर २०२३मध्ये ॲपलच्या फोनच्या प्रणालीची नवी आवृत्ती, आयओएस १७, आली. तोवर ॲपलच्या पॉडकास्ट ॲपमध्ये असे होत असे की एखाद्याने बरेच दिवस कार्यक्रम ऐकला नाही तर आपोआप होणारे डाउनलोड थांबत, आणि तो परतून पुन्हा ऐकू लागला की मधल्या काळात चुकलेले सगळे भाग धाडधाड फोनमध्ये उतरत. त्यातले बहुतेक कुणी ऐकत नसे, पण मोजणीत मात्र प्रत्येक भाग येत असे. नव्या आवृत्तीने हे बंद केले. ज्या कार्यक्रमाचे भाग जास्त त्याची घसरण जास्त, हे ओघानेच आले. आमचे भाग आठवड्यातून अनेकदा येत, म्हणून आमची रेघ घसरली, आणि माझ्या संगीताच्या कार्यक्रमाची, जो सावकाश येतो, जवळजवळ जागेवरच राहिली. प्रत्यक्ष ऐकल्या गेलेल्या मिनिटांचा त्याच ॲपमधला अहवाल मी सोबत नेला होता. त्यात पडझड नव्हती. अधिकारी म्हणाले, "हे एका ॲपचे झाले. आणि जाहिरातदाराला मिनिटे दिसत नाहीत, मॅडम, डाउनलोड दिसतात." मित्र पूर्ण वेळ गप्प होता. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "तुझं बरोबर असेल. पण समज, निम्मे फोनमुळे गेले आणि निम्मे तुझ्या नाण्यांमुळे. तुला कळेल तरी का?"

मला कळले नसते. आजही कळत नाही. ती मिनिटे तशीच राहिली कारण जे खरोखर ऐकत होते ते राहिले, की कंटाळून काही गेले आणि नवे काही आले, हे वेगळे करून दाखवणारा आकडा माझ्याकडे नव्हता. पण "कळेल तरी का" हा प्रश्न त्या लाल बाणालाही लागू होता, आणि तो बाणाला कुणी विचारला नाही, याची चीड माझ्या मनातून गेलेली नाही.

त्याने करारावर सही केली, मी केली नाही. करारानुसार कार्यक्रमाचे नाव आणि आरएसएस फीडचा पत्ता, म्हणजे श्रोत्यांची ॲप नवे भाग जिथून घेतात तो इंटरनेटवरचा पत्ता, कंपनीचा होता. हे बाहेरच्यांना किरकोळ वाटते. पॉडकास्ट एका ठिकाणाहून दुसरीकडे नेताना जुन्या पत्त्यावर नव्या पत्त्याची पाटी लावता येते, आणि श्रोत्याच्या ॲपला ती आपोआप वाचता येते; श्रोत्याला काही करावेच लागत नाही. पाटी लावायची की नाही हे मात्र ज्याच्या हाती जुना पत्ता त्याने ठरवायचे असते. मी नव्या नावाने खेळांवर बोलू लागले, तोच आवाज, तीच भांडणे, फक्त समोर कुणी नाही. जुन्या श्रोत्यांपैकी फार थोडे आले. त्यांतल्या एकाने लिहिले की कार्यक्रम चांगला आहे, पण त्या जुन्या कार्यक्रमातल्या बाईंची नक्कल जरा जास्त होते. मी ते पत्र ठेवले आहे.

जुन्या मला हे पत्र फार आवडले असते. बघा, तिने म्हटले असते, आवाज तोच, नाव बदलले, आणि ऐकणे बदलले. माझ्या सिद्धान्ताला याहून चोख पुरावा कोणता? मी तिला म्हणते, थांब. नाव गेले तेव्हा मित्रही गेला होता. श्रोते नावापाशी राहिले की त्याच्यापाशी, हे तुला ठरवता येईल काय? आणि समजा ते त्याच्यासाठीच राहिले असतील, तर लोक नाव ऐकतात हे तुझे म्हणणे कुठे उरले. ते माणूस ऐकत होते, आणि तो माणूस तू नव्हतीस. यावर ती म्हणते की ती मिनिटे तरी खरी होती. मी म्हणते, एका ॲपची. हा वाद आम्हा दोघींत चालूच आहे.

त्याचा कार्यक्रम आज रोज येतो आणि मी तो ऐकते. मधूनमधून तो मला डाउनलोडचे वाढते आकडे पाठवतो आणि मी कळवते की रोजच्या कार्यक्रमाचे एकूण डाउनलोड आधीच्याशी ताडून पाहता येत नाहीत, कारण भागांची संख्याच वाढली आहे. यावर तो विचारतो की आकडे पडले असते तर मी काय कळवले असते.

संगीताच्या भानगडींकडे मी वळते ती या सगळ्याला वैतागून, असे अनेकांना वाटते, आणि त्यात थोडे तथ्य आहे. पण तिथेही सुटका नाही. कार्लो जेझुआल्दो या संगीतकार राजपुत्राने १५९० साली नेपल्समध्ये आपली पत्नी मारिया दाव्हालोस आणि तिचा प्रियकर फाब्रित्सिओ काराफा यांचा खून केला. त्या चौकशीतल्या नोकरचाकरांच्या साक्षी टिकून आहेत, आणि उमराव असल्यामुळे त्याला शिक्षा झाली नाही हेही ठाऊक आहे. त्याने आपले तान्हे मूलही मारले, ही पुढे रचली गेलेली कथा मात्र कोणत्याही कागदात सापडत नाही. मी भागात हे स्पष्ट सांगितले. त्या भागाला सर्वाधिक पत्रे आली ती मुलाची कथा का गाळली म्हणून. म्हणजे मी ती सांगितली होती, फक्त ती खरी नाही असे म्हटले होते, आणि तेवढ्याने ती अनेकांच्या लेखी गाळली गेली.

तिन्हींतला एक बंद करायचा झाला तर कोणता, हा पुढचा प्रश्न तुम्ही विचारालच. ईमेलचा बंद करणे मला परवडणार नाही आणि संगीताचा मी करणार नाही. खेळांचा बंद करावा असे तीन शहाणी माणसे सांगतात, त्यांत माझा जुना मित्रही आहे, आणि पुढचा भाग मी ध्वनिमुद्रित करून ठेवला आहे.