नान्नजच्या माळावरचा डोंबारी

सोलापूरपासून सुमारे 20 किलोमीटरवर असलेल्या नान्नजच्या माळरानावर बहुतेक लोक माळढोकाच्या आशेने जातात. माझी नजर मात्र हल्ली चिमणीपेक्षाही लहान असलेल्या डोंबारी चंडोलावर खिळलेली असते. हिवाळ्यात हे पक्षी थव्याने राहतात आणि ढेकळांमधून, गाडीवाटेच्या कडेने पडलेले गवताचे बी टिपत सरकतात. त्या दिवसांत हद्दीचा वाद सहसा दिसत नाही.

विणीचा काळ आला, की तोच नर आपल्या तुकड्यावर हक्क सांगू लागतो. तो हवेत उंच चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली कोसळतो, जमिनीजवळ येताच पुन्हा उसळतो आणि ही कसरत करताना शीळही घालतो. डोंबारी हे नाव त्याला उगाच मिळालेले नाही. घरटे म्हणजे ढेकळाच्या किंवा गवताच्या आडोशाला केलेला उथळ खळगा, कधी कडेला बारीक खडे मांडलेला. एरवी दाण्यांवर जगणारे हे जोडपे पिलांना मात्र किडे भरवते, कारण वाढीला प्रथिने लागतात. मादीचा रंग मातीत इतका मिसळतो, की मी एकदा तिच्यापासून दोन पावलांवर उभा होतो आणि ती उडाल्यावरच मला दिसली.