लळिंगच्या उन्हातून सार पासच्या बर्फात

मे महिन्यातल्या हिमालयाच्या ट्रेकचा सराव चालू होता. मार्चमधल्या एका रविवारी चाळीसगावजवळचा कण्हेरगड उतरताना माझ्या उजव्या बुटाचा तळवा सुटला. पुढून उघडला आणि प्रत्येक पावलाला मगरीच्या जबड्यासारखा वासायला लागला. आमच्यातल्या आप्पांनी उपरण्याची पट्टी फाडली, बूट करकचून बांधला आणि म्हणाले, "बरं झालं भो, इथंच सुटला. बर्फात सुटता तर?"

बूट चांगल्यापैकी महागाचे, जेमतेम चार ट्रेक झालेले. पण पत्र्याखालच्या माळ्यावर त्यांनी दोन उन्हाळे काढले होते. जळगावच्या मे महिन्यात त्या माळ्यावर हात ठेववत नाही. तळव्यातला फोम आणि गोंद सुकून त्याचा भुगा झाला होता, वरून मात्र बूट कोरे करकरीत. तेव्हा जुने बूट काढणार असाल तर निघायच्या दोन महिने आधी ते घालून एखादा गड उतरून बघा. नवे घेतले तरी तेच करा. घेताना बोटांपुढे अर्धा इंच जागा सोडा आणि दुकानात जाताना जाड मोजे घालून जा. आमच्यातल्या ताईंनी ही जागा सोडली नव्हती, तर सरावाच्या लळिंग किल्ल्याच्या तिसऱ्या फेरीतच अंगठ्याचं नख काळं पडलं.

आम्ही नऊ जण होतो. धुळ्याचे चार, जळगावचे तीन, अमळनेरच्या ताई आणि चाळीसगावचे आप्पा, वय ५८, निवृत्त शिक्षक. मे महिन्यात हिमाचलातली सार पास ही खिंड ओलांडायची होती, उंची १३,८०० फूट. तिकडे मे म्हणजे हंगाम. आमच्याकडे मे म्हणजे दुपारी दार लावून पडून राहायचे दिवस. त्यामुळे सराव करायचा कुठं आणि कधी, हाच पहिला प्रश्न होता.

उत्तर लळिंगनं दिलं. धुळ्यापासून नऊ-दहा किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गाला लागून उभा असलेला हा खानदेशच्या फारुकी सुलतानांचा किल्ला. पहाटे पाचला पायथ्याशी, साडेआठच्या आत गाडीत, हा नियम फेब्रुवारीपासून पाळला. त्यानंतर तिथला कातळ तापतो आणि वर सावलीही फारशी नाही. पाठीवर सहा-सात किलो वजन म्हणून पाण्याच्या बाटल्या भरून न्यायच्या, आपल्यापुरतं पाणी ठेवून बाकीचं वरच्या एखाद्या झाडाला घालायचं आणि हलकं होऊन उतरायचं. गुडघेही वाचतात आणि झाडालाही बरं. एप्रिलमध्ये मात्र मुद्दाम भरल्या पाठीनं उतरलो, कारण हिमालयात उतरताना वजन ओतून देता येत नाही. चढाला दम लागतो, तो दोन मिनिटं थांबलं की जातो. उतारानं दुखावलेला गुडघा पुढचे चार दिवस सोबत येतो.

लांब चालीसाठी पाटणादेवी. चाळीसगावहून अठरा किलोमीटरवर, भास्कराचार्यांच्या नावाशी जोडलेलं. तिथून कण्हेरगड, वाटेत नागार्जुन गुंफा, सीतेची न्हाणी. हा भाग गौताळा अभयारण्यात येतो, म्हणून आधी वनखात्याकडे चौकशी करा. उन्हाळ्यात गवत वाळलेलं असतं, तेव्हा चूल, विडी, काहीही पेटवायचं नाही. कड्यांना आग्या मोहोळं लटकलेली असतात. अत्तर-स्प्रे घरी ठेवा आणि मोहोळाखाली आरडाओरडा करू नका. आमच्यातल्या एकाला खडा मारायची हुक्की आली होती. आप्पांचा मास्तरी आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

खरेदीची गंमत वेगळीच. एप्रिलच्या भर दुपारी फुले मार्केटात लोकरी हातमोजे मागितले तर दुकानदार आधी माझ्याकडे, मग पंख्याकडे बघत राहिला. शेवटी पोत्यातून माकडटोप्या निघाल्या आणि त्या उत्तम निघाल्या. सुती कपड्यांचं प्रेम मात्र घरी सोडा. घामानं भिजलेला सुती बनियन थंडीत वाळत नाही, अंगातली ऊब ओढून घेतो. जीन्स तर नकोच. अंगाला चिकटून लवकर वाळणारा सिंथेटिक टीशर्ट, त्यावर फ्लीस म्हणजे मऊ उबदार कापडाचा थर, सगळ्यांत वर वारा-पाऊस अडवणारं जाकीट. बर्फावर अतिनील किरणं अडवणारा गडद चष्मा हवाच. तो नसेल तर डोळ्यांची अशी आग होते की वाट दिसत नाही.

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, त्या दिवशी सकाळीच बसा. आम्ही नऊ तिकिटं दोन भागांत काढली, त्यातली तीन शेवटपर्यंत वेटिंगवर लटकली. बाकी प्रवासाचं काय सांगायचं? दशम्या, ठेचा, शेव आणि केळी वेफर्स दिल्लीच्या आधीच संपले.

ट्रेक सुरू झाला कसोलहून, तिथून ग्रहण गावापर्यंत नाल्याकाठची वाट. तिथं आमचे सगळे जोरात होते. लळिंगच्या मानानं हे काहीच नाही, अशी भाषा सुरू झाली. नगारूच्या तळावर, साडेबारा हजार फुटांच्या आसपास, ती बंद पडली. तंबू वाऱ्यानं फडफडत होता आणि आमचा सगळ्यांत दणकट गडी, लळिंग पाऊण तासाच्या आत चढणारा, डोकं धरून बसला होता. मळमळ, जेवण नको. आप्पांनी विचारलं, "काय व्हयनं? पाणी किती पिलास?"

"तीसच नही लागनी भो." म्हणजे तहानच लागली नाही.

चूक तिथंच होती. आपल्याला पाण्याची आठवण घसा करून देतो. ४४ अंशांत वाढलेला माणूस तहान लागली की तांब्या उचलतो. थंडीत तहान जाणवत नाही, पण कोरड्या हवेत श्वासावाटे पाणी जातच राहतं. दिवसभरात तो लिटरभरही प्याला नव्हता. पाण्यानं विरळ हवेचा त्रास टळतो असं नाही, पण दोन्ही एकत्र आले की डोकं कशानं दुखतंय हेच कळत नाही. त्याला ओआरएस दिलं, गरम सूप दिलं आणि ठरवलं की तासाभरात आराम पडला नाही तर एक जण त्याला घेऊन खाली जाणार. सुदैवानं पडला. डोकेदुखी वाढली, तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच उतरवा. उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यायची असेल तर घरूनच डॉक्टरांना विचारून न्या. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर ते त्यांना आधी सांगा. तंबूत कुणीतरी पुढे केली म्हणून घेऊ नका.

तेव्हापासून आप्पांनी शिट्टी हातात घेतली. वीस मिनिटांनी शिट्टी, तीन घोट पाणी. चिडलो सगळे, पण प्यालो.

पहाटे तीनला निघालो, कारण ऊन चढलं की बर्फ भुसभुशीत होऊन पाय मांडीपर्यंत रुततो. खिंडीत पोचलो तेव्हा ऊन आलं होतं. तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणून फोटोसाठी उडी मारणारे दोघं पुढची पाच मिनिटं बर्फावर बसून होते. मग बर्फावरून घसरगुंडीनं खाली बिस्केरीच्या तळाकडे. आप्पा सगळ्यांत आधी घसरले, शिट्टी तोंडात तशीच.

परतताना भुसावळला उतरलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. फलाटावर गरम वाफ अंगावर आली. दणकट गड्यानं बाटली काढली आणि सवयीनं तीनच घोट घेऊन झाकण लावलं. आप्पा म्हणाले, "अरे, इथं पे की सगळी."