वेताळाचे जुने अंक सांभाळताना

कॉमिक्समधल्या वेताळाला, म्हणजे इंग्रजीतल्या फँटमला, उडता येत नाही. गोळी लागली तर रक्त येतं. अमेरिकन लेखक ली फॉकनं १९३६ साली त्याला उभं केलं तेव्हापासून त्याची खरी ताकद एकच, शपथ. बापाच्या मागे मुलगा कवटीवर हात ठेवून तीच शपथ घेतो, तोच मुखवटा चढवतो आणि जंगलाला वाटतं हा मरतच नाही. आपण वाचतो तो एकविसावा. सुपरमॅनपेक्षा हा आपल्या घरांत जास्त मुरला तो यामुळेच, असं मला ठामपणे वाटतं. घेतला वसा टाकू नये, हे आपल्याला वेगळं शिकवावं लागत नाही.

पण कागद मरतो. वेताळाच्या गोष्टी छापणारं इंद्रजाल कॉमिक्स १९६४ ते १९९० निघत होतं. इंदुरात रामबागेतल्या एखाद्या माळ्यावर ट्रंकेत हे अंक असतील, तर ते पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरात काढा. ओल धरलेलं पान उलगडताना फाटतं. उन्हात मात्र घालू नका: या स्वस्त कागदात लाकडातलं लिग्निन तसंच राहिलेलं असतं, ते उजेडानं पिवळं पडतं आणि कागद पापडासारखा होतो. सावलीत पंख्याखाली दोन दिवस पुरेत. धूळ मऊ ब्रशनं, शिवणीकडून कडेकडे झाडा.

सगळ्यात जास्त नुकसान पिना करतात. गंज कागदात उतरतो आणि मधली जोडपानं सुटतात. पीन बाहेरून ओढू नका. अंक मधोमध उघडा, बोथट सुरीनं दोन्ही पाय सरळ करा, मग मागून हलकेच काढा. त्याच भोकांतून पांढरा सुती दोरा ओवून आत गाठ मारा.

फाटलेल्या पानाला सेलोटेप अजिबात नको. त्याचा गोंद झिरपून तपकिरी पट्टा उमटतो. कुरडयांसाठी काढतो तो गव्हाचा चीक वाळवून ठेवा. एक भाग चीक, पाच भाग पाणी, मंद आचेवर वीसेक मिनिटं ढवळत शिजवा, गाळा. मीठ, हिंग काही नाही, आणि बाइंडर घालतात तो मोरचूदही नाही, त्यानं कागद जळतो. जपानी टिश्यूची, म्हणजे पातळ पण चिवट कागदाची, पट्टी या खळीनं मागच्या बाजूला लावा आणि वर वजन ठेवून रात्रभर दाबा.

पिशवी पॉलिप्रॉपिलीनची घ्या, पीव्हीसीची नको. डांबराच्या गोळ्याही नकोत. कसर लागली असेल तर अंक हवाबंद पिशवीत घालून दोन आठवडे डीप फ्रीजरमध्ये ठेवा, आणि बाहेर काढल्यावर पूर्ण दिवसभर पिशवी उघडू नका, नाहीतर आत दव धरतं.

लॅमिनेशन करणाऱ्यांचं प्रेम समजतं, तरी करू नका. ते परत निघत नाही, आणि अंकाची मूर्ती होते, वाचन संपतं. दोऱ्यानं शिवलेला अंक पुन्हा एखाद्या पोराच्या हातात देता येतो.

पहिल्या पानावर शाईनं लिहिलेलं नाव असतं. पुष्कळदा मोठ्या भावाचं खोडून खाली धाकट्याचं. ते खोडरबरानं पुसू नका.