सामन्याआधीचा अर्धा तास

शाहू स्टेडियमवर सामना चार वाजता असला, तर मी सव्वातीनलाच गॅलरीत जाऊन बसतो. उन्हाने तापलेल्या पायऱ्यांवर वर्तमानपत्र अंथरून एकट्याच बसलेल्या माणसाला पाहून, याला घरी काही उद्योग नसावा, असे लोकांना वाटते, आणि मीही ते वाटू देतो. फुटबॉलवेड्या कोल्हापुरात राहून असे बोलणे धोक्याचे आहे, परंतु मला सामन्यापेक्षा सामन्याआधीचा वॉर्म-अप आणि त्यातली पासिंगची प्रॅक्टिस पाहायला अधिक आवडते.

परवा दुपारी कोपऱ्यातल्या झेंड्याजवळ दोन राखीव खेळाडू दहा-बारा पावलांच्या अंतरावर उभे राहून एकमेकांना पास देत होते. एकमेकांशी बोलत नव्हते. समोरचा मुलगा डावखुरा होता, आणि पहिला त्याला प्रत्येक पास डाव्याच पायावर देत होता. तोही थेट पायात नव्हे, तर अर्धे पाऊल पुढे, म्हणजे घेणाऱ्याला थांबावे लागू नये. पंगतीत कोणाला काय हवे ते न विचारता ओळखणारा वाढपी असतो, तसा तो मुलगा होता. टेकलेला पाय चेंडूच्या बरोबरीला, त्याचा अंगठा समोरच्याच्या दिशेने, मारणाऱ्या पायाचा घोटा घट्ट आणि चेंडू पावलाच्या आतल्या बाजूने; यात नवीन काही नाही, कोणत्याही प्रशिक्षकाकडे हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात. पण चेंडू कोणत्या पायावर द्यायचा, हे त्या मुलाला कोणी सांगितले असेल असे मला वाटले नाही.

आम्हांला हे शिकवणारे अण्णा तालमीतून फुटबॉलकडे आलेले होते. कोल्हापुरातले बरेच संघ तालमींच्या नावाने खेळतात, त्यामुळे त्यात विशेष असे काही नव्हते. विशेष इतकेच, की अण्णा बैठका मारल्याशिवाय कोणाला बॉलला पाय लावू देत नसत. त्यानंतर आम्हां पोरांना एका जुन्या वाड्याच्या भिंतीसमोर उभे केले जाई आणि रबरी चेंडू आलटून पालटून दोन्ही पायांनी भिंतीवर मारायला लावले जाई. कोणी जोर दाखवू लागला, की अण्णा बसल्या जागेवरून म्हणत, “लेका, भिंत न्हवं, माणूस हाय समज. जेवढं जोरात दिशील तेवढं तुझ्याच अंगावर येतंय.” आणि मान खाली गेली, की, “बघ की वर! बॉल काय पळून जात न्हाई.” भिंतीपलीकडे राहणाऱ्या आजी रोज दुपारी झोपमोड झाल्याबद्दल आमचा उद्धार करत, तो अण्णा आदराने ऐकून घेत आणि दुसऱ्या दिवशी आम्हांला तिथेच उभे करत.

फुटबॉलच्या सुरुवातीच्या काळात पास देणे हा खेळाचा कणा नव्हता, हे मला फार उशिरा वाचनात आले. इंग्लंडच्या खेळाडूंचा भर चेंडू पायाशी ठेवून सुटेपर्यंत एकट्याने पळण्यावर असे. ३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगोमध्ये झालेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय सामन्यात स्कॉटलंडचे सगळे खेळाडू क्वीन्स पार्क या एकाच क्लबचे होते, आणि अंगाने थोराड असलेल्या इंग्रजांपुढे त्यांनी एकमेकांना चेंडू देत निभावून नेले. सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. एकत्र प्रॅक्टिस करणाऱ्यांनाच हे जमले असणार, असे मला वाटते. अनोळखी माणसाला डाव्या पायावर पास कसा देणार?

पुढे योहान क्रायफने १९८८ ते १९९६ या काळात बार्सिलोनाचे प्रशिक्षकपद सांभाळताना ज्या रोंदोवर भर दिला, तो आता आपल्याकडची पोरेही वॉर्म-अपमध्ये खेळतात. बाकीचे रिंगण करून, एक-दोघे मधे, चेंडूला एकच स्पर्श, आणि ज्याचा पास चुकला तो मधे. मधल्याच्या दोन पायांतून चेंडू गेला, की असा काही हलकल्लोळ होतो, की सामन्यातल्या गोललाही तो होत नाही. मी मात्र त्या वेळी पायांकडे न पाहता मानांकडे पाहतो. चेंडू येण्याआधी ज्याची नजर एकदा इकडे तिकडे फिरून आली, त्याचा पास पायातून सुटण्याआधीच ठरलेला असतो.

यानंतर सगळे जण रांग लावून गोलवर शॉट मारू लागतात, निम्मे चेंडू गॅलरीत येतात, ध्वनिक्षेपकावर गाणी सुरू होतात, आणि माझ्यापुरता दिवसाचा उत्तम भाग संपतो.

वॉर्म-अपमध्ये माझ्यासारख्या रिकामटेकड्याच्या करमणुकीपेक्षा बरेच काही असते. ‘फिफा ११ प्लस’ या नावाने ओळखला जाणारा वॉर्म-अप सुमारे २० मिनिटांचा आहे: आधी हलके पळणे, मग ताकद, तोल आणि उड्यांचे व्यायाम, शेवटी वेगाने पळणे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतील पाहणीत १३ ते १७ वर्षांच्या मुलींपैकी ज्यांनी तो नियमित केला, त्यांच्या एकंदर दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी भरल्या आणि गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्यावर आल्या. हे वाचताना मला आमच्या गल्लीतला एक दादा आठवला. पास देण्यात त्याचा हात धरणारा पेठेत कोणी नव्हता. कामावरून सायकल दामटत यायचा, ती भिंतीला टेकवायचा आणि थेट मैदानात उतरायचा. बैठका-बिठका त्याने अण्णांबरोबरच मागे सोडल्या होत्या. एका सरावाच्या सामन्यात वळता वळता त्याचा गुडघा गेला, आणि वयाच्या पंचविशीच्या आत त्याचा फुटबॉल संपला. वॉर्म-अप केला असता तर तो वाचलाच असता, असे म्हणता येणार नाही. पण त्या काळी पेठेत गुडघे जायचेच, असे सगळे गृहीत धरून चालत असत, आणि त्या गृहीत धरण्याचा मला अजूनही राग येतो. सकाळी फिरायला गेलो, की मोटारसायकल लावून बूट बांधता बांधता गोलवर शॉट मारायला पळणारी पोरे आजही दिसतात, आणि त्यांना कोणी अडवत नाही.